मोजे आणि मौजे

आमच्या आजोबांच्या खरेदीखतात एक चूक आहे. 'मौजे वडगाव' असं जिथे हवं तिथे टंकलेखकाने 'मोजे वडगाव' टाइप केलं, आणि लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार अशा सगळ्यांनी खाली सह्या-अंगठे करून टाकले. एक मात्रा गेली, एवढंच. लहानपणी तो कागद पेटीतून बाहेर निघाला की आम्ही भावंडं हसत सुटायचो. आजोबांनी जमीन घेतली की पायमोजे? आजोबा मात्र हसायचे नाहीत. "गावाचं नाव चुकलं असतं तर पुन्हा दस्त केला असता," ते म्हणायचे. "नावाच्या आधीचं चुकलंय. ते कोण वाचतो?"

ते कोण वाचतो, याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी संगणकाने दिलं. त्याआधी शब्द पाहू.

मौजे मूळचा अरबी. 'ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून झालेलं स्थळवाचक नाम, म्हणजे ठेवण्याची, वसण्याची जागा. त्याच धातूचं दुसरं अपत्य आपण दुसरीच्या गणितात भेटलेलो असतो: वजा. बाजूला काढून ठेवलं, ते वजा केलं. गाव आणि वजाबाकी एकाच घरातली निघतात, हे मला फार आवडतं. मौजेच्या शेवटचा एकार मात्र फारसीने दिला. दोन नामांना जोडणारी फारसीतली इजाफत, 'मौजा-ए-अमुक', मराठी दप्तरात अशी मुरली की मौजे, कसबे, परगणे, किल्ले ही रूपं आपल्याच मातीतली वाटू लागली. 'किल्ले रायगड' म्हणताना किल्ला एकच असतो. तिथे अनेकवचन नाही, इजाफत आहे. मोजा हा फारसी, आणि तिकडे त्याचा अर्थ बूट. मराठीत येता येता कातडं गळालं आणि सूत उरलं. मग आपण त्याला पाय लावला, हात लावला, पायमोजे-हातमोजे केले. मौज या दोघांची कुणीच लागत नाही. अरबीत ती समुद्राची लाट.

तर मौजेचं काम काय? नावाच्या आधी उभं राहून, पुढे येतंय ते काय आहे हे सांगणं. जुन्या कागदांत 'कसबे पुणे' येतं, 'परगणे पुणे' येतं, 'प्रांत पुणे'ही येतं. नाव तेच, मुलूख वेगवेगळा. कसबे पुण्याची सनद घेऊन कोणी प्रांत पुण्याचा वसूल मागायला लागला तर डोकी फुटतील. म्हणून कारकून आधी जात सांगतो, मग नाव.

आकड्याचं तर आणखी अवघड. '४७' म्हटलं तर काय समजायचं? सर्व्हे नंबर ४७ की गट नंबर ४७? एकत्रीकरणाच्या योजनेत जमिनींचे तुकडे जोडले, त्यांना गट नंबर मिळाले, आणि जुना सर्व्हे नंबर एकीकडे तर तोच आकडा असलेला गट दुसरीकडे ओढ्यापलीकडे, असं गावोगाव झालं. शेजाऱ्याशी तीन पिढ्या चाललेल्या वादात कितीदा तरी भांडण आकड्याचं नसतं. आकड्याआधीच्या शब्दाचं असतं.

आता माझी चूक सांगतो. मी जन्मभर नेटवर्कचं काम केलं. नोकरीच्या सुरुवातीला एक छोटा प्रोग्राम लिहायला मिळाला. काम सोपं. आतल्या संगणकांना बाहेरच्या जगात थेट जायला बंदी होती. त्यांनी आपल्या या प्रोग्रामला सांगायचं की बाबा, मला अमक्या ठिकाणी जोडून दे. प्रोग्रामने तिथे जोडणी करायची आणि मग इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, काही न वाचता न बदलता सरकवत राहायचं. सांगण्याची रीत आधीच ठरलेली होती. तिचं नाव सॉक्स, आवृत्ती पाचवी. म्हणजे मोजेच. मला तेव्हाही खरेदीखत आठवलं होतं. पण तिथलं मर्म आठवायला अजून वेळ होता.

या रीतीत विनंती अशी जाते. पहिला अंक पाच, म्हणजे आवृत्ती. दुसरा एक, म्हणजे 'जोडून दे'. तिसरा शून्य, राखून ठेवलेला. चौथ्या जागी पत्त्याचा प्रकार. मग पत्ता, आणि शेवटी दोन घरांत पोर्टचा क्रमांक. चौथ्या जागी एक असेल तर पुढची चार घरं म्हणजे जुन्या पद्धतीचा आकडी पत्ता, आयपीव्ही ४. तीन असेल तर पुढे नाव. चार असेल तर पुढची सोळा घरं म्हणजे नव्या पद्धतीचा लांबलचक आकडी पत्ता, आयपीव्ही ६. मी चौथं घर ओलांडून गेलो. आमच्याकडे सगळे आकडी पत्तेच वापरतात, अशी माझी समजूत. ते कोण वाचतो!

एके दिवशी कुणीतरी नाव पाठवलं. उदाहरणासाठीच राखून ठेवलेलं 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव घेऊ. इंग्रजीत त्याची अक्षरं अकरा. नाव पाठवायचं तर आधी त्याची लांबी सांगायची असते, म्हणून पहिला अंक ११. पुढे ई, एक्स, ए या अक्षरांचे संकेतांक १०१, १२०, ९७. माझ्या प्रोग्रामने हे चार अंक पत्ता समजून उचलले: ११.१०१.१२०.९७. पुढच्या एम आणि पी या दोन अक्षरांना पोर्ट समजला: २८०१६. आणि तिथे मुकाट्याने जोडणी करायला निघाला. ११ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नावावर आहेत. पलीकडून अर्थातच कोणी दार उघडलं नाही. पण वरिष्ठांनी नोंदवहीतली ती ओळ दाखवून मला विचारलं, "इकडे तुझं काय काम?" तेव्हा आजोबांची पेटी डोळ्यांपुढे आली.

अंक खोटं बोलले नव्हते. ४९, ४८, ४६, ४९ हे चार अंक घ्या. पत्ता म्हणून वाचले तर तो एक वैध आकडी पत्ता आहे. अक्षरं म्हणून वाचले तर तो 'दहा टिंब एक' असा मजकूर आहे. दोन्ही वाचनं बिनचूक. खरं कोणतं, ते आधीचा एक अंक ठरवतो.

सॉक्स या नावाकडे वळू. पायात घालायच्या सॉकचा इथे संबंध नाही. तो लॅटिन 'सॉकस' म्हणजे हलकी चप्पल, तिच्यावरून आला. आपलं नाव आलं ते 'सॉकेट्स'ला आखूड करून. मिप्स कंपनीतल्या डेव्हिड कोब्लास यांनी ही रीत बांधली, १९९२ साली ती जाहीरपणे मांडली. पुढे एनईसीच्या यिंग-दा ली यांनी चौथी आवृत्ती केली. आणि मार्च १९९६मध्ये पाचवी आवृत्ती आरएफसी १९२८ या दस्तऐवजात आली. दस्तऐवजाचा क्रमांक सालासारखा दिसतो म्हणून नवखे दचकतात. इथेही तेच, आकड्याआधीचा शब्द वाचावा. काम चालू असताना सोयीसाठी ठेवलेलं सॉक्स हे नाव कायमचं चिकटलं, आपल्याकडे बारशाआधीचं 'बाळू' साठीपर्यंत चिकटतं तसं.

पण सॉकेट म्हणजे तरी काय? मूळ फ्रेंच 'सॉक' म्हणजे नांगराचा फाळ. त्याचं लघुरूप सॉकेट. आधी फाळासारखं दिसणारं भाल्याचं टोक, मग ज्या पोकळीत दांडा बसवतात ती खोबण, मग विजेचं सॉकेट, मग संगणकातलं. फ्रेंचांनी शब्द उचलला केल्टिक भाषांतून, असं बहुतेक कोशांचं मत. जुन्या आयरिशमध्ये 'सॉक' म्हणजे फाळही आणि डुकराचं मुस्कटही; जमीन दोघंही उकरतात. दाताने पृथ्वी उचलणाऱ्या वराहाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. म्हणजे मोजे दिसणाऱ्या या शब्दाच्या पोटात निघाला फाळ. आणि पोर्ट? तो लॅटिन 'पोर्टा' म्हणजे दार, आणि बंदराचा 'पोर्टस' त्याचा भाऊ. दोघांचं मूळ 'पार जाणे' या अर्थाच्या धातूत, जिथून आपला 'पार'ही येतो. फाळ आणि बंदराचा भाऊ एकाच विनंतीत शेजारी बसले, ही गंमत मराठीलाच पुरती कळेल, कारण शेत नांगरायचा नांगर आणि जहाज अडकवायचा नांगर आपल्याकडे एकाच शब्दात राहतात.

मधल्या प्रोग्रामला म्हणतात प्रॉक्सी. हा शब्द मराठी मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. "आज माझी प्रॉक्सी लाव" म्हटलं की मित्र हजेरीच्या वेळी आवाज बदलून दुसऱ्यांदा 'येस सर' म्हणतो. मूळ लॅटिन 'प्रोक्युराशियो', दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणं. इंग्रजांनी तो शब्द चघळून चघळून प्रॉक्सी केला. परिभाषा घडवणारे याला 'प्रतिनिधी' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द इथे जड वाटतो. प्रतिनिधीला स्वतःचं मत असतं, निदान असावं. पेशवाईतले दोन शब्द जवळ जातात. एक वकील. तेव्हाचा वकील काळा कोट घालून कोर्टात उभा राहत नसे. तो धन्याच्या वतीने परदरबारात राहायचा, निरोप न्यायचा-आणायचा. दुसरा मुतालिक, मोठ्या हुद्देदाराच्या जागी बसून त्याचं काम चालवणारा. पण सगळ्यांत बरोबर शब्द पाकिटावर आहे: 'द्वारा'. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला पत्र लिहिताना नावाखाली 'द्वारा श्री. अमुक' लिहायचे. त्यात द्वार आहे, म्हणजे दार आहे, आणि इंग्रजीतलं 'डोअर' हे त्याचं सख्खं भावंड. पत्र त्या दारातून आत जातं. घरमालक ते फोडत नाही, फक्त पोहोचवतो. प्रॉक्सीने इतकंच करावं अशी अपेक्षा असते. घरमालकाकडून असते, तशीच.

या 'द्वारा'ला काय सांगायचं, पत्ता की नाव, हा पाचव्या आवृत्तीआधीचा मोठा पेच होता. चौथ्या आवृत्तीत प्रकाराचं घरच नव्हतं. चार घरांचा आकडी पत्ता द्या, बस्स. नाव द्यायची सोय नाही. मग लोकांना नावं पाठवायची गरज पडली तेव्हा '४ए' नावाची एक मखलाशी निघाली. पत्त्याच्या जागी ०.०.०.१ असा, म्हणजे पहिली तीन शून्यं आणि शेवटी शून्याखेरीज काहीही, असा खोटा पत्ता लिहायचा. असा पत्ता खऱ्या जगात कुणाचा असू शकत नाही. तो दिसला की समजायचं, खरं नाव विनंतीच्या तळाशी लिहिलंय. दस्तात 'गट नंबर शून्य' लिहून समासात बारीक अक्षरांत खुलासा करावा, तसा प्रकार. चालायचं ते. पण ज्याला समासाची खूण ठाऊक नाही तो शून्य गट शोधत फिरणार. पाचव्या आवृत्तीने ही लबाडी संपवून सरळ एक घर दिलं: प्रकार सांगा. एकाच ऑक्टेटची दुरुस्ती, आणि माझ्या मते त्या दस्तऐवजातली सगळ्यांत शहाणी.

ऑक्टेट म्हणजे आठ बिटांचं अष्टक. 'बाइट' का नाही? १९५६मध्ये आयबीएमच्या वेर्नर बुखहोल्झ यांनी 'बाइट' शब्द काढला, तोही बिटशी घोटाळा होऊ नये म्हणून स्पेलिंग बदलून. पण तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं बाइट आठाचाच असेल याची हमी नव्हती. सहाचे होते, नऊचे होते. वेगवेगळ्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर माप पक्कं हवं, म्हणून नेटवर्कवाले ऑक्टेट म्हणतात. फ्रेंच लोक तर रोजच्या बोलण्यातही तेच म्हणतात.

आता प्रकाराचे अंक: एक, तीन, चार. दोन कुठे गेला? त्या दस्तऐवजात दोनचं घर रिकामं आहे. आणि दुसरी खोच पाहा. चार हा अंक आयपीच्या 'आवृत्ती चार'चा नाही. 'आवृत्ती सहा'चा आहे. आवृत्ती चारसाठी एक. नवशिक्यांची इथे हमखास विकेट पडते. सहाव्या आवृत्तीचं पहिलं विनिर्देशन डिसेंबर १९९५चं, म्हणजे सॉक्सचा दस्तऐवज निघाला तेव्हा तिला जेमतेम तीन महिने झाले होते. जुन्या पद्धतीत पत्ते ४ अब्ज २९ कोटींच्या घरात. ते संपणार हे दिसत होतं. अजून कुणी वापरतही नसलेल्या पत्त्यासाठी त्या लोकांनी कोनाडा करून ठेवला, ही दूरदृष्टी मानायला हवी.

पण माझं मन रमतं ते तीन या अंकात. तिथे पत्ता नसतोच. तिथे असतं नाव.

नाव आणि पत्ता यांतला भेद १९८१च्या आयपीच्या मूळ दस्तऐवजात स्वच्छ मांडलाय: काय हवंय ते नाव सांगतं, कुठे आहे ते पत्ता, आणि तिथवर कसं जायचं ते वाट. मराठीला हे नवं नाही. आपण 'नाव-गाव' विचारतो, 'ठावठिकाणा' काढतो, 'पत्ता लावतो'. आपला पत्ता तर दुहेरी आहे. पाकिटावर लिहितात तो पत्ता, आणि 'त्याला त्याचा पत्ताच नव्हता' म्हणतो तेव्हा पत्ता म्हणजे खबर. बेपत्ता माणसाला घर नसतं असं नाही. आपल्याला त्याची खबर नसते. इंग्रजी 'ॲड्रेस'मध्ये हा खबरीचा धागा नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन 'डायरेक्टस' आहे, सरळ केलेलं, आणि त्या मुळाचा संस्कृतातला चुलतभाऊ ऋजु. ॲड्रेस म्हणजे सरळ त्या दिशेने पाठवणं. ऋजु शब्दाने सांगितलेल्या ठिकाणी आडमार्गाने, मध्यस्थाच्या दारातून जायचं, हे प्रॉक्सीचं एकूण धोरण.

तर प्रकार तीनमध्ये आपण 'द्वारा'ला सांगतो: नाव हे, पत्ता तूच काढ. इथे खबरीचा अर्थ जागा होतो. नावावरून पत्ता काढायला कुणाला तरी विचारावं लागतं. मीच विचारला तर माझ्या गल्लीतल्या नावनोंदणीवाल्याला कळतं की मी कुणाकडे चाललोय. मग पुढे लपूनछपून दुसऱ्याच्या दारातून गेलो तरी उपयोग काय. चौकशी तर चौकातच केली होती. नाव प्रॉक्सीच्या हाती दिलं तर चौकशी तो करतो, त्याच्या गल्लीत. कर्ल या प्रसिद्ध साधनात म्हणून दोन वेगळी रूपं आहेत, 'सॉक्स५' आणि 'सॉक्स५एच'. एच म्हणजे होस्टनेम: नाव तसंच पुढे जाऊ दे. एका अक्षराचा फरक. ते अक्षर गाळल्यामुळे आपली गुप्तता आहे अशा भ्रमात राहिलेले लोक मी पाहिलेत. माग लपवणाऱ्या टॉर जाळ्यातल्या 'अनियन' नावांची तर आणखी तऱ्हा. त्या नावांना आकडी पत्ताच नसतो. छप्पन अक्षरांचं अगम्य नाव, तेच सर्वस्व. तिथे प्रकार एक आणि चार बाद, तीनच चालतो.

या नावाला 'डोमेन' म्हणतात, आणि इथे शब्दांचं मोठं गोकुळ आहे. डोमेनच्या मागे लॅटिन 'डोमिनस', धनी. त्याच्या मागे 'डोमस', घर. संस्कृतात याच घराचं नाव 'दम'. तो दम आपण कधीच विसरलो, पण लग्नपत्रिकेत तो दर वर्षी छापतो: दंपती. दम म्हणजे घर, त्याचे पती, घराचे दोघं धनी. ग्रीकांनी हाच सांधा जोडून 'डेस्पोट' केला आणि पुढे तो जुलमी हुकूमशहा झाला. एकाच समासाचं एकीकडे दंपती, एकीकडे डेस्पोट. कोणत्या घरात कोणता अर्थ चालतो, ते ज्याने त्याने ठरवावं.

नाव लिहिण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. डोमेनचं नाव बारक्याकडून मोठ्याकडे जातं, पाकिटासारखं: आधी घर, मग गाव, मग तालुका, जिल्हा. आकडी पत्ता मोठ्याकडून बारक्याकडे, खरेदीखतासारखा: 'तुकडी पुणे, पोटतुकडी तालुका मावळ, मौजे अमुक, गट नंबर तमुक'. आणि पाकिटावरचं 'मु. पो. ता. जि.' तरी काय आहे? प्रत्येक नावाआधी त्याचा प्रकार. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. सॉक्सने हा सगळा प्रपंच एका अंकात आणला. नाव असेल तेव्हा मात्र आणखी एक अंक: लांबी. आधी अक्षरं मोजायची, आकडा सांगायचा, मग नाव. मोजे घालणाऱ्याला मोजावंही लागतं. त्या लांबीला एकच घर असल्याने २५५च्या पुढे नाव जाऊ शकत नाही.

सगळ्यांनी हेच अंक घेतले का? नाही. शॅडोसॉक्स नावाच्या प्रॉक्सी-पद्धतीने सॉक्सचेच एक-तीन-चार उचलले. व्हीलेस नावाच्या नव्या पद्धतीने नीटनेटकं एक, दोन, तीन केलं: आकडी, नाव, लांब आकडी. परिणामी एकाचा तीन म्हणजे नाव आणि दुसऱ्याचा तीन म्हणजे सोळा घरांचा पत्ता. तळाच्या कार्यप्रणालीत तर पत्त्याच्या 'फॅमिली'चे अंक असतात आणि सहाव्या आवृत्तीचा अंक लिनक्समध्ये १०, विंडोजमध्ये २३, मॅकमध्ये ३०. फॅमिलीला आपण कूळ म्हणू; सातबाऱ्यावरचं कूळ निराळं. हे कुळाचे अंक घरातच ठेवावेत, तारेवरून पाठवू नयेत, म्हणून प्रत्येक रीत स्वतःचे अंक ठरवते. दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या एसएसएच या रीतीने वेगळीच वाट धरली. तिथे जोडणी पुढे सरकवायची विनंती करताना प्रकार विचारतच नाहीत. नाव असो की आकडा, मजकूर म्हणून लिहा, आम्ही बघून घेऊ. टपालखात्याला 'सुज्ञास सांगणे न लगे' म्हणावं तसं. चालतं उत्तम, पण समोर सुज्ञ असावा लागतो.

ऑगस्ट २०१४मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन मराठीसह आठ भाषांसाठी सुरू झालं, तेव्हा मला वाटलं होतं, आता प्रकार तीनच्या घरात देवनागरी अक्षरं जातील. तसं होत नाही. नावांच्या यंत्रणेत 'भारत' जातो तो इंग्रजी अक्षरांत: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. अकरा चिन्हं. या रूपांतराला 'प्युनीकोड' म्हणतात आणि प्युनी म्हणजे चिमुकला. मूळ फ्रेंच अर्थ 'नंतर जन्मलेला', धाकटा. फारसीत धाकट्याला 'खुर्द'. पुण्याच्या दक्षिणेला वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्द आहे, तेच हे खुर्द. आपला भारत तारेवरून जाताना खुर्द होऊन जातो.

प्रकार ओळखता आला नाही तर सॉक्सचं उत्तर ठरलेलं आहे, क्रमांक आठ: पत्त्याचा हा प्रकार आमच्याकडे चालत नाही. माझ्या पहिल्या प्रोग्रामने हे उत्तर द्यायला हवं होतं. त्याने अमेरिकेचं दार वाजवलं.

आजोबांच्या जमिनीचा तो दस्त पुढे काकांनी चूक दुरुस्ती दस्त करून नीट केला. मुद्रांक लागला, दोन साक्षीदार लागले, एक मात्रा मिळाली. जुना कागद माझ्याकडे आहे. वाचकांना एकच विनंती: घरच्या जुन्या कागदांत गावाच्या नावाआधी मौजे, कसबे, परगणे, तर्फ यांखेरीज आणखी कुठला शब्द आढळला तर मला जरूर कळवा. गावाचं नाव नको, गट नंबर नको. फक्त आधीचा शब्द.